डाव्या हाताची भाकर

माय, मी त्या गॉगलवाल्याचे सगळे सिनेमे पाहिले. एकही सोडला नाही. तू असतीस तर उलथनं फेकून मारलं असतंस, पण तुला जाऊन तीस वर्षं होत आली, आता माझं काय वाकडं करणार आहेस? तुला वाचता येत नव्हतं, माझी होस्टेलवरची पत्रं दादा तुला वाचून दाखवायचा, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. आणि जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू उगाच आशेवर राहणार नाहीस. तुझं चुकलं. त्या माणसानं तुझं उट्टं काढलं नव्हतं.

आता चिडू नको, ऐकून घे. तुझी बाजू मला तोंडपाठ आहे, शंभरदा ऐकलीय. कुरुंद्यात हळद शिजवायचे दिवस होते, शिवारात जागोजागी कढया लागलेल्या आणि तू रोजानं कामाला. तो मुंबईहून सिनेमा काढायला गाड्या भरून माणसं घेऊन आला. त्याला म्हणे नट्या नको होत्या, खऱ्या बाया पाहिजे होत्या. कढईपाशी वाफेत उभी असलेली तू त्याच्या नजरेत भरलीस. मनगटापर्यंत पिवळे हात, डोक्याला बांधलेलं फडकं. त्यानं तुला समजावून सांगितलं की पाटलीणबाई ओट्यावर उभी राहील, तू खाली पदर पसरून उभी राहायचं, ती वरून भाकर टाकील. बस, एवढंच काम. आता त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आज्यानं येसकराची, दारोदार भाकर मागायची काठी टाकून दिली होती आणि धम्म घेतल्यापासून आपल्या घरातलं कुणी कुणाच्या दारात भाकर मागायला गेलं नव्हतं. एक वेळ उपाशी झोपले, पण गेले नाहीत. तू त्या गाड्या, ते दिवे, ती जमलेली गर्दी, सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "आमी मागणं सोडलंय, साहेब. द्यायचं असंल तर देते."

तू सांगायचीस की त्यानं गॉगल काढला, बांधावर बसून सिगारेट ओढली आणि त्या दिवशी काहीच काम केलं नाही. त्याची माणसं तुझ्याकडं खाऊ का गिळू बघत होती. दुसऱ्या दिवशी आला तो सगळं बदलून आला. पाटलीणबाई गेली, ओटा गेला. आता कढईपाशी एक वाटसरू म्हातारा येऊन बसतो, भुकेला असतो, मागत काही नाही, आणि तू आपल्या फडक्यातली भाकर काढून त्याला देतेस. चार शब्द बोलतेस. तू ते मनापासून केलंस. घरी येऊन आरशासमोर उभी राहिलीस, हेही तूच सांगितलंयस, तेव्हा लाजू नकोस.

मग पुढच्या वर्षी जत्रेत तंबू आला आणि त्या तंबूत तुझा सिनेमा. मी तेव्हा पहिलीत होते. बाबा कारखान्यात पाळीवर, दादा नांदेडला वसतिगृहात, म्हणून आपण दोघीच गेलो. तंबूच्या मधोमध कापडी पडदा, त्याच्या पुढच्या अंगाला माणसं आणि मागच्या अंगाला बायका, हीच रीत होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बायकांच्या बाजूला चिवडा, लेकरांचं रडणं, आणि पडद्यातून आरपार आलेलं चित्र. मला आठवतं, सुरुवातीला पडद्यावर अक्षरं आली तर ती माझ्या पहिलीच्या अक्षरांशी जुळेनात. मला वाटलं, मोठ्या माणसांची अक्षरं वेगळी असत असतील. मग कढई आली, वाफ आली, तू आलीस. एवढी मोठी माझी माय. आणि तू त्या म्हाताऱ्याला भाकर दिलीस, ती डाव्या हातानं. तो पिवळाधमक हात आमच्या बाजूला जेवढ्या बाया होत्या तेवढ्या सगळ्यांनी पाहिला. मागून कुणीतरी म्हणालं, पाव्हण्याला डाव्या हातानं वाढलंस व्हय गं? सगळ्या हसल्या. तू माझं बखोट धरलंस आणि उठलीस. सिनेमा अर्धा राहिला, मी रस्ताभर भोकाड पसरलं. घरी आल्यावर तू चुलीपुढं बसून एकच वाक्य बोललीस, "उट्टं काढलं त्यानं."

झालं. तेव्हापासून तो आपल्या घराचा वैरी. तू नाही म्हणालीस म्हणून त्यानं मशिनीत काहीतरी करून तुझा हात बदलला, तुला दानत नसलेली बाई करून ठेवलं, असं तू मरेपर्यंत मानलंस. त्या तंबूत पुढच्या बाजूला बसलेल्या एकाही बाप्याला तू विचारलं नाहीस, आणि बाप्ये कशाला आपणहून सांगतात? बाईनं कोणत्या हातानं वाढलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. तू सांगितलंस ते मी पुढं नेलं. औरंगाबादला एम.ए. करत असताना आमच्या तिथं त्याचा दुसराच कोणता तरी सिनेमा दाखवला, तर मी चर्चेत उभी राहून भांडले. म्हणाले, या माणसानं माझ्या मायच्या हाताचा अपमान केलाय. मला काय अभिमान वाटला होता. नंतर वसमतच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले तरी वर्गावर तीच गोष्ट, घरी दादाच्या पोराला तीच गोष्ट.

मागच्या वर्षी तो गॉगलवाला गेला. गेल्याबरोबर दोन्ही बाजूचे लोक सोटे घेऊन उतरले. एक बाजू म्हणे, गरिबांवर इतकी माया करणारा दिग्दर्शक पुन्हा होणे नाही. दुसरी म्हणे, गरिबी विकून बंगला बांधला. त्या धुरळ्यात कुणीतरी तुझा सिनेमा धुऊन पुसून इंटरनेटवर टाकला आणि एका विद्यार्थिनीनं तो मला फोनवर पाठवला. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाहिला. तू भाकर दिलीस. उजव्या हातानं. मला वाटलं, फोनच बिघडलाय. मागं जाऊन पुन्हा पाहिलं, नावं पाहिली, अक्षरं सरळ होती. वरण करपलं. मी तिथंच खाली बसले, आणि मला पहिलीतली ती न जुळणारी अक्षरं आठवली. माय, आपण पडद्याच्या मागं बसलो होतो गं, मागून उजवं ते डावं दिसतं. बस, एवढंच झालं होतं.

मग मला चैन पडेना. त्याचे सगळे सिनेमे मिळवले, पहिल्यापासून ओळीनं पाहिले. आणि आता मी जे म्हणते ते पुण्या-मुंबईचा एकही विद्वान म्हणत नाही, म्हणून कान देऊन ऐक. तुझ्या आधीच्या दोन्ही सिनेमांत गरीब माणूस दिसला की त्याचा हात पुढं पसरलेला. कॅमेरा वर, माणूस खाली. बघणाऱ्याला रडू यावं आणि रडून झाल्यावर आपण फार चांगले आहोत असं वाटावं, अशी सगळी बांधणी. लोक त्यालाच त्याची माया म्हणतात. मला ते बघवत नाही, अजिबात नाही. तुझ्यानंतर मात्र त्याच्या एकाही सिनेमात कुणी मागत नाही. विधवा आहे, पण सावकाराला ओट्याखाली उभं करते. गिरणीतून काढलेला माणूस आहे, पण मुकादमाचा चहा पीत नाही. हेच ते सिनेमे, ज्यांना जाणकार म्हणतात की इथून त्याची माया आटली, तो कोरडा झाला. एकानं तर लिहिलंय की परदेशात जाऊन तिकडचे सिनेमे पाहून त्याच्यात हा पालट झाला. परदेशात कशाला, कुरुंद्याच्या बांधावर बसून झाला. मला कुठं पुरावा आहे? नाही. पण मी मागं हटणार नाही.

तो देव होता असंही मी म्हणत नाही हं. मधल्या काळात त्यानं जो नाचगाण्याचा कचरा केला तो कचराच आहे, आणि त्यातल्या एका सिनेमात आपल्या जयंतीच्या मिरवणुकीचं त्यानं जे गाणं करून ठेवलंय ते मी त्याला कधी माफ करायची नाही. त्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनाही मी हे तोंडावर सांगितलं, तर त्यांनी मला कार्यक्रमाला बोलवायचं बंद केलं. बराबर आहे. दोन्ही बाजूंना मी नकोशी झालेय आणि मला त्याची तकलीफ नाही.

तकलीफ घरातून झाली. कॉलेजात तुझा सिनेमा दाखवायचं ठरलं तर विरोध कुणी करावा? दादाच्या पोरानं. वस्तीतली पोरं घेऊन प्राचार्यांकडं निवेदन द्यायला गेला, की आमच्या आजीला डाव्या हातानं वाढायला लावणाऱ्याचा सिनेमा आमी चालू देणार न्हाई. घरी येऊन माझ्यासमोर बसला. मी त्याला पडद्याचं सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आत्या, मंग आजी खोटी व्हती का?" त्या पोरांनी मान ताठ ठेवायला जी गोष्ट धरली होती ती मीच त्यांच्या हातात दिली होती, आणि आता मीच ती काढून घेत होते. पण म्हणून काय चुकीचं तसंच चालू द्यायचं? तू ज्या गोष्टीचा अभिमान धरायला पाहिजे होता ती तू जन्मभर अपमान म्हणून वागवलीस. हे मला सहन होईना. मी त्याला म्हणाले, कॉलेजात नको, आपल्याच वस्तीत दाखवू, आणि मग तू ठरव.

विहारामागच्या मोकळ्या जागेत दिवस मावळल्यावर पांढरं कापड ताणलं. मी सगळ्या वस्तीला, बायाबाप्यांना, कापडाच्या मागच्या बाजूला बसवलं. पोरं कुरकुरली, काहून इकडं, तिकडून नीट दिसतं की. मी म्हणाले, मुकाट्यानं बसा. तू आलीस, भाकर दिलीस, डाव्या हातानं. कुजबूज झाली. मी सिनेमा थांबवला, सगळ्यांना उठवून पुढं आणलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. उजवा हात, पिवळा, मनगटापर्यंत. म्हाताऱ्या बाया अशा हसायला लागल्या की थांबेनात. तंबूत बसलेल्या होत्या त्यातल्या दोघी-तिघी. दादाचा पोरगा हसला नाही, पण त्यानंच माझ्या हातात माईक दिला. मग मी काय सोडते! सगळं सांगितलं. आजी खोटी नव्हती, तिनं जे दिसलं तेच सांगितलं. तिनं मोठ्या साहेबाला नाही म्हटलं आणि त्यानं ते ऐकलं, आणि त्यानंतर त्याच्या सिनेमात कुणी पदर पसरला नाही. माझा आवाज फाटला. शेवटी म्हणाले, हा बघा माझ्या मायचा हात आणि हा ऐका माझ्या मायचा आवाज, आणि तुकडा तिसऱ्यांदा लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय, मी जिंकले होते.

दादा एका अंगाला खुर्चीवर बसला होता. या सगळ्या भांडणात तो पोराकडूनही बोलला नव्हता, माझ्याकडूनही नाही. सिनेमा त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. गर्दी पांगल्यावर मी त्याच्यापाशी गेले, कसं वाटलं विचारलं. त्याचे डोळे भरलेले होते. त्यानं माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "हात मायचाच हाय. आवाज मायचा न्हाई, बाई."

मुंबईत कुणा दुसऱ्या बाईकडून ते चार शब्द बोलवून घेतले असणार. गोड, बारीक, नितळ आवाज आहे. दादा म्हणाला, मायचा आवाज जाडा होता, हळदीच्या वाफेनं बसलेला, बोलायच्या आधी ती घसा खाकरायची. मी हो हो म्हणाले. घरी आले, पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला. त्या माणसानं तुझा शब्द ठेवला, हात ठेवला आणि आवाज काढून टाकला. हे पापच आहे, आणि हेही मी आता चारचौघांत उभी राहून सांगणार आहे, त्याच माईकवर. हाताबद्दल मात्र तुझं चुकलं, ते मी परत घेणार नाही. पण एक सांग, उलट्या हाताचं तू मरेपर्यंत बोललीस, आवाजाचं एकदाही काहून बोलली नाहीस? दादाला विचारलं. तो म्हणाला, काय सांगायचं त्यात, तिला वाटलं असंल, लेकरांना कळंलच की.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तुला वाचून दाखवायला दादाकडंही द्यायचं नाही. फक्त तुझ्यापाशी सांगते. त्या आवाजाला मी वर्षभर माय म्हटलं. आणि दादानं सांगितल्यावरही, डोळे मिटून कितीही ऐकलं तरी, मला दुसरा कोणता आठवला नाही.