तू काप, मी बघतो

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादोबा,

अर्ध्या तासाने का होईना, मोठा आहेस, म्हणून नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी बरी आहे. सर्दी झाली होती, गेली. खोलीतला नळ अजून गळतो आणि घरमालक अजून 'उद्या' म्हणतात. आईच्या गुडघ्यांना रोज शेक देतोस ना? ती फोनवर सांगत होती, चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तू ऐकवत सुटला आहेस, "माझ्या बहिणीच्या प्रयोगशाळेत मूळ वर वळलं, मी बघायला चाललोय." माणसं मुकाट ऐकून घेतात म्हणे. नंबर तपासायचं ते जड यंत्र डोळ्यांवर चढवल्यावर बिचारी पळणार तरी कुठे?

रजा मिळाली, तिकीट काढलं, नवा शर्ट शिवायला टाकला, असं लिहिलं आहेस. आणि पुढे पानंच्या पानं नुसती कारणं. रोप आडवं ठेवल्यावर मूळ जमिनीकडे वळायचं सोडून वर का गेलं असेल? उजेड कुठून येत होता? ओल वरच्या बाजूला होती का? टोकाला इजा झाली होती का? मी ते पत्र दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा रडले.

शाळेतलं आठवतं ना? ब्लेडने देठाचा काप मी काढायचे, काचेच्या पट्टीवर ठेवून वरून पातळ काच अलगद टेकवायचे, एक बुडबुडा राहायचा नाही. मग तू मायक्रोस्कोपला डोळा लावायचास तो उठायचाच नाहीस. "तू काप, मी बघतो," हे आपलं ठरलेलं. सर ओरडायचे, "अरे, तिलाही बघू दे." मला बघायचं नव्हतंच. काप पातळ निघाला की माझं समाधान व्हायचं. आत काय आहे, याचं मला कधी काही वाटलं नाही. तुझे हात लहानपणापासून थरथरतात आणि माझ्या डोक्यात प्रश्न येत नाहीत, त्यामुळे जोडी झकास जमली होती. दोघांना मिळून गुण द्यायचे आणि कोणाचे किती, हे कुणी विचारायचं नाही.

वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या या संस्थेच्या प्रवेशाला मात्र प्रत्येकाला एकट्याने काप काढायला लावला. स्वप्न तुझं होतं, मी अर्ज भरला तो तुला सोबत म्हणून. लेखी परीक्षेत तू माझ्या कितीतरी पुढे होतास. तुझ्या बोटात ब्लेड गेलं, पट्टीवर रक्त सांडलं, ते मी माझ्या टेबलावरून पाहिलं. तरी माझा काप नीटच निघाला. मला वाईट काढताच येत नाही रे. बाहेर आल्यावर बोट रुमालात धरून तू म्हणालास, "चला, आपल्यातलं एक तरी आत गेलं. आता तू काप, मी पत्रातून बघतो." आणि हसलास. त्या दिवशी तू माझ्यावर चिडला असतास तर बरं झालं असतं.

दादा, आता सांगते. फोनवरच सांगणार होते, पण तू फोन उचलल्या उचलल्या पुढचा प्रश्न विचारतोस.

मी उन्हाळ्यातच संस्था सोडली. कोणी काढलं नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंना मी तुझे प्रश्न माझे म्हणून विचारत असे. एकदा तू लिहिलंस, "मूळ वळायला लागण्याआधी त्याच्या आत काही हलतं का?" ते ऐकून बाई हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा तुझा प्रश्न नाही. कोणाचा आहे?" मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखे हात मला पुन्हा मिळायचे नाहीत. पण तुला स्वतःला इथे काही जाणून घ्यायचंय का गं?" मला 'हो' म्हणता आलं नाही.

माझी जागा तुला देता येईल का, हेही मी विचारलं. बाईंनी वरपर्यंत शब्द टाकून पाहिला. प्रात्यक्षिकात नापास झालेल्याला घेत नाहीत.

आता मी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. हसू नकोस. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा. आईच्या म्हातारपणाची सोय झाली समज. परवा एक आजोबा नवी कवळी लावून आरशात बघत बसले, आरसा खाली ठेवीचनात. मी इथे सुखात आहे आणि त्याचीच मला लाज वाटते. ज्या खुर्चीसाठी तू जीव टाकलास, तिच्यावरून उठताना मला हलकं हलकं वाटलं.

पण तुझं "काय बघितलंस?" दर पत्रात येतच राहिलं. आधी जुन्याच गोष्टी पुरवून पुरवून लिहिल्या. त्या संपल्या तेव्हा मनाला येईल ते लिहिलं. मूळ वर वळलं नाही, दादा. कुठलंच वर वळलं नाही. मला वाटलं, तू 'वा' म्हणशील, खूश होशील आणि विषय संपेल. ज्याला खरंच जाणून घ्यायचं असतं तो तिकीट काढून येतो, हे मला सुचलंसुद्धा नाही.

तिकीट रद्द करू नकोस. मी स्टेशनवर येईन. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पण शर्ट मात्र नवाच घालून ये.

संस्था सोडताना बाईंनी माझ्या हातचा शेवटचा काप मला दिला. म्हणाल्या, "ज्याचा प्रश्न आहे, त्याला दे." तो दिला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून इतके दिवस कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवला. त्यातलं मूळ खालीच वळलंय. काप पातळ आहे, एकही बुडबुडा नाही. मायक्रोस्कोपखाली मी अजून बघितलेला नाही.

तुझी, नुसत्या हातांची,
धाकटी