घळीत शिडी आहे

प्रिय नंदू,

आज सकाळी प्रकाशकाशी फोनवर इतक्या चढ्या आवाजात बोलले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय हो, भाषणाची तयारी चाललीय का?" म्हटलं, "नाही काकू, भांडणाची." त्या गेल्या आणि मी कागद पुढे ओढला. हे भांडण तुझ्यासाठी आहे. तुला सांगितल्याशिवाय ते पुढे कसं नेऊ?

या दसऱ्याला तू गेल्याला वर्ष झालं. तुझ्याबद्दल मी पुष्कळ बोलले, तुझ्याशी मात्र एकदाही नाही. राग जरा निवला की लिहीन, असं म्हणत राहिले. तो निवत नाही. आणि खरं सांगू? आता तो निवायला नकोच आहे मला.

रविवारी मी आमडेकरांना वाघधोंडीच्या डोंगरावर घेऊन गेले होते. हो, तेच आमडेकर! ज्यांचं हिरव्या कव्हरचं डोंगरभटकंतीचं पुस्तक तुझ्या पाठपिशवीत सापडलं, आणि वाघधोंडीच्या पानावर तू एसटीचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतंस. त्या पानावरची ती दोन वाक्यं मला आता श्वासासारखी पाठ आहेत. "माथ्यावरून पूर्वेकडील घळीने उतरावे. घळीत गावकऱ्यांची शिडी आहे, सहज उतरता येते."

सहज! कोणाला सहज? विशीतल्या पोराला, की गुडघ्याला पट्टा बांधून चढणाऱ्या बाईला? आणि कधी?

एकटा का गेलास रे? तुझ्यावर रागवायचं ते एवढंच. पण तू एकटा नव्हतास, असंच तुला वाटलं असणार. पुस्तक सोबत होतं ना! सातपूरच्या कारखान्यात दिवसभर हातात कॅलिपर घेऊन बसणारा माणूस तू. केसभर फरक असला तरी माल परत पाठवायचास. हॉटेलातल्या पाटीवर 'थालीपिठ' दिसलं तर मालकाला बोलावून ऱ्हस्व-दीर्घ समजावायचास, आणि आपण भुकेने कळवळत बसायचो. असा तू, आणि त्या दोन वाक्यांची तपासणी करावीशी वाटली नाही तुला?

नाही वाटली, कारण आपण मुद्रितशोधकाच्या घरातली मुलं. अप्पा म्हणायचे, "छापलं म्हणजे शब्द दिला." त्यांनी आयुष्यभर लोकांच्या पुस्तकांतल्या चुका वेचल्या. त्यामुळे जे पुस्तक होऊन बाहेर येतं त्यातल्या चुका कोणीतरी वेचलेल्याच असतात, असं आपण धरून चाललो. केवढा भाबडेपणा!

तुला आणायला आम्ही डोंगराखालच्या गावात गेलो तेव्हा सरपंचांच्या ओसरीवर बसलो होतो. वर पाहिलं तर वाशांना समांतर अशी एक लांबलचक शिडी आडवी बांधून ठेवलेली. बांबूची, वेलींनी आवळलेली. मी विचारलं, "ही कुठली शिडी?"

"घळीतली," सरपंच म्हणाले. "होळीच्या टायमाला लावतो आमी. मध काढाया, मोहाची फुलं येचाया उतरतात ना मानसं. पाऊस यायच्या आदी काढून आनतो. नाय तं कुजून जाते."

"म्हणजे दसऱ्याला तिथे शिडी नसते?"

"नाय ना. कशी असंल?" मग ते माझ्याकडे बघत राहिले. "कोनी इचारलंच नाय ताई."

नंदू, तुझं शरीर अंगणात होतं आणि शिडी ओसरीवर टांगलेली होती. मी तेव्हा रडले नाही. मी त्या घटकेला एका माणसाशी वैर धरलं.

घळीच्या तोंडाशी तू उभा राहिलास आणि शिडी दिसली नाही, तेव्हा तुझ्या मनात काय आलं असेल? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते, आणि उत्तर मला ठाऊक आहे. पुस्तक चुकलं, असं आलं नसणार. आपणच नीट बघत नाही, असं आलं असणार. थोडी खाली असेल. आणखी थोडी खाली. असा तू उतरत गेलास, विश्वासाने!

मी आमडेकरांना दोन पत्रं लिहिली. भाषा सभ्य ठेवली, तू ठेवली असतीस तशी. उत्तर नाही. प्रकाशकाला लिहिलं, तर त्यांनी शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय, वाचकाने स्वतःच्या जबाबदारीवर जावे. अरे वा! वाट तुम्ही दाखवायची आणि जबाबदारी त्याची? मग एका कार्यक्रमात कोणीतरी वाघधोंडीच्या अपघाताबद्दल विचारलं, तेव्हा हे गृहस्थ हसून म्हणाले, "काय करणार, अतिउत्साही लोक असतात." अतिउत्साही! तू! सहलीला जातानाही घरचा गॅस दोनदा तपासणारा तू!

त्यानंतर नवी आवृत्ती निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. सूर्यास्ताला दोन पानं आणि उतरायच्या वाटेला दोन ओळी. तीच दोन वाक्यं, काना-मात्रा न बदलता. त्या दिवशी वैर पक्कं झालं.

आणि दैव बघ कसं असतं! मी गावोगाव व्याख्यानं देते म्हणून तिच्या प्रकाशन समारंभाला प्रमुख वक्ता म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. पत्रं मी माहेरच्या नावाने लिहिली होती; माझं सासरचं आडनाव त्यांना ठाऊक, तुझी बहीण कोण ते ठाऊक नाही. मी तत्काळ हो म्हटलं. अबोली रंगाची साडी नेसले. तुला ती भडक वाटायची, म्हणून मुद्दाम.

सभागृह भरलेलं होतं. मी वाघधोंडीचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. "या पानावर फुललेल्या पळसाचा फोटो आहे. फार सुंदर. पळस कधी फुलतो हो?"

पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "होळीच्या सुमाराला."

"म्हणजे सर होळीच्या सुमाराला गेले होते. पण तसं लिहिलेलं नाही. मग दसऱ्याला पुस्तक घेणाऱ्याने काय करायचं? पळसाला विचारायचं?"

हशा झाला. आमडेकरही खळखळून हसले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, गोड माणूस! गोड माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो.

मग मी बोलले, नंदू. तू ऐकायला हवं होतंस. मी म्हटलं, कादंबरीतलं वाक्य लंगडं असलं तर समीक्षक चार ओळी लिहितो. वाटाड्या पुस्तकातलं वाक्य लंगडं असलं तर झोळी करून माणूस खाली आणावा लागतो. वाचक या लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, पाय ठेवतो! म्हणून अशा पुस्तकाने आधी सांगावं, मी कोणत्या महिन्यात गेलो, आणि पुन्हा गेलो की नाही. टाक्यातलं पाणी कधी आटतं ते सांगावं. 'थोडे पुढे गेल्यावर' म्हणजे किती, ते सांगावं. मला जे माहीत नाही ते मला माहीत नाही, एवढं छापायची हिंमत ठेवावी. आणि माथ्यावर कसं पोचायचं हे सांगण्याआधी कुठून परत फिरायचं ते सांगावं. शिखर नसलं तरी माणूस जगतो!

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच मी फास टाकला. "सर, येत्या रविवारी वाघधोंडीला जाऊ या? तुम्ही, मी, ज्यांना यायचं ते सगळे. हातात फक्त तुमचं पुस्तक. गावात कोणाला काही विचारायचं नाही."

ते उठून माइकवर आले. "ताई, आव्हान स्वीकारलं! आणि मिसळ माझ्याकडून!"

तर आम्ही आठ-दहा जण निघालो. पेठ रस्त्याला मिसळ झाली, त्यांनी जास्तीचा रस्सा मागून घेतला, आणि उन्हं तापायच्या आत डोंगराला लागलो. गवत छातीएवढं. पहिल्याच वळणाला ते चुकले. मग दुसऱ्या. पुस्तक उलटसुलट करून म्हणाले, "या वर्षी गवत फारच माजलंय."

"दर वर्षी माजतं, सर," मी म्हटलं.

तोवर सगळे हसत होते. माथ्यावरून घळीच्या तोंडाशी आलो आणि हसणं थांबलं. दोन काळ्या भिंतींमधून वाट खाली जाते, थोडी निसरडी माती, मग नुसता कडा. मी तिथे पहिल्यांदाच उभी होते. तू शेवटचं जे पाहिलंस ते मी पाहत होते.

"वाचा, सर," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. सहज उतरता येते, इथवर आवाज नीट होता.

"कुठे आहे शिडी?"

त्यांनी वाकून पाहिलं. टोपी मागे सरकवली. आणि म्हणाले, "थोडी खाली असेल."

नंदू! हेच शब्द! वर्षभर मी तुझ्या तोंडी घातलेले शब्द तो माणूस माझ्यासमोर उच्चारत होता. त्याचाही स्वतःच्या पुस्तकावर तेवढाच विश्वास होता. मागे लोक उभे, कोणाच्या हातात मोबाइल. "बघतो मी," म्हणून ते बसले, तोंड भिंतीकडे केलं आणि पाय खाली सोडले. साठी उलटलेला माणूस, केवळ लाज वाचवायला.

मी त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरला.

"सोडा हो ताई, उतरतोय ना मी!"

सोडावा का? तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? क्षणभर सोडावासा वाटला. कोणी मला बोल लावला नसता. आणखी एक अतिउत्साही, एवढंच झालं असतं. तेवढ्यात त्यांच्या बुटाखालचा दगड निसटला. तो एकदा आपटला, मग पुन्हा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग अगदी खोलवर एक बारीकसा आवाज. सगळ्यांनी तो ऐकला.

"सोडू नका," ते कुजबुजले. "ताई, सोडू नका हो."

नाही सोडला. बाकीचे धावले, त्यांना वर ओढून घेतलं. ते मातीत बसून राहिले, पुस्तक मांडीवर.

"इथे माझा भाऊ पडला," मी म्हटलं. "तुमचा तो अतिउत्साही."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ती पत्रं तुमची होती?"

"मिळाली होती तर!"

"मिळाली. मला वाटलं, दुःखात आहेत... लिहितात लोक."

नंदू, मी दया केली असं समजू नकोस. तिथे पडले असते तर आमडेकरांची शोकसभा झाली असती, त्यांच्या नावाने भटकंती निघाली असती, आणि ते पुस्तक अमर झालं असतं! मला ते जिवंत हवे आहेत. जिवंत, आणि रोज तो दगड ऐकणारे. मेलेल्या माणसावर सूड उगवता येत नाही.

आज सकाळी फोन आला तो याचाच. प्रकाशक मधाळ आवाजात म्हणाले, "ताई, सर खूप हलून गेले आहेत हो. आमचा विचार आहे की पुढच्या आवृत्तीला अर्पणपत्रिका द्यावी. तुमच्या बंधूंच्या पवित्र स्मृतीस. पहिलं पान, छान वेलबुट्टी."

"वेलबुट्टी तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं. "त्याचं नाव पहिल्या पानावर नको. वाघधोंडीच्या पानावर हवं, त्या दोन वाक्यांच्या जागी. लिहून घ्या."

आणि मी सांगितलं. ही घळ मी होळीच्या सुमारास एकदाच उतरलो, तेव्हा शिडी होती. पावसाळ्याआधी गावकरी ती काढून नेतात. शिडी दिसली नाही तर ती खाली असेल असे समजू नका. येथूनच परत फिरा. येथे नंदकिशोर नावाचा वाचक या पुस्तकावर विश्वास ठेवून उतरला आणि पडून मेला. खाली आमडेकरांची सही.

पलीकडून, "अहो ताई, भटकंतीच्या पुस्तकात मरण कसं छापायचं? लोक घाबरतील."

"त्या एका जागी घाबरायलाच हवं! बाकी पुस्तकभर करा की मौज."

"आणि छापलेल्या प्रती आहेत, त्यांचं काय?"

"रद्दी," मी म्हटलं, आणि पुढचं काकूंनी ऐकलं.

ते विचार करून कळवतो म्हणालेत. करू देत. अप्पांच्या शपथेने तुला शब्द देते. तो मजकूर छापून हातात येईपर्यंत मी गप्प बसणार नाही. नाशिकमध्ये, येवल्यात, मनमाडला, जिथे कोणी मला माइक देईल तिथे, विषय संतवाङ्मय असो की स्त्रीशिक्षण, मी वाघधोंडीचं पान उघडीन. आमडेकरांना माफ करणार नाही. त्यांनी तो मजकूर छापला तरी नाही.

आणि एखाद्या दसऱ्याला कोणीतरी अनोळखी माणूस, घामाघूम, दमलेला, त्या काठावर उभा राहून तुझं नाव वाचेल, उतरता येत नाही म्हणून पुस्तकाला शिव्या घालेल, आणि शिव्या घालतच आल्या वाटेने घरी परत जाईल. त्या दिवशी समज, अक्काने सूड घेतला.

तुझी,
अक्का