आमच्या वर्गातील एक तास

अकोला,
शनिवार, १० जानेवारी २०२६

ती. स्व. वन्संना,
सरोजिनीचा सा. न. वि. वि.

गठ्ठा पाठवतेय. आमचे क्लार्क ओमप्रकाश अमरावतीहून रोज अप-डाऊन करतात, त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी कोंबला आहे. दरवर्षीप्रमाणे सराव परीक्षेतले आमच्या दहावीचे निबंध तुम्ही तपासायचे, तुमच्या शाळेचे मी. नावं झाकली आहेत, नुसते नंबर दिसतील. आणि गठ्ठ्यात चिठ्ठी नसली तर तुम्ही पेपर उघडत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

मागच्या वर्षी झाडून सगळ्यांनी क्लासवाल्यांचा छापील निबंध उतरवला होता. प्रत्येक पेपरात सोनेरी किरणांचा सडा! तुम्ही समासात लिहिलंत, अकोल्यात सूर्य किती वेळा उगवतो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून यंदा मी ते छापील कागद गोळा करून कपाटात टाकले. पोरांना म्हटलं, डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहा. पंखा कुरकुरत असेल तर कुरकुरतो लिहा, उगाच मंद वारा सोडू नका. जूनपासून रोज याच्यामागे लागलेय. घसा गेला बाई माझा.

यंदाचा विषय, ‘आमच्या वर्गातील एक तास’. आमचे मुख्याध्यापक शालिकराम सर नाराजच आहेत. म्हणाले, बोर्डात पाहिलेलं कोणी विचारत नाही. सरावात निबंधाचे मार्क घसरले तर बोर्डापर्यंत छापीलच चालवायचं. तेव्हा सगळं तुमच्या लाल पेनावर आहे. आठपैकी साडेसहाच्या वर तुम्ही जन्मात गेला नाहीत, ठाऊक आहे. तरी बघा.

बाकी मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, पुन्हा तीच माहिती. तुमचे बंधुराज बँकेच्या शेंदूरजनाघाट शाखेतून रविवारी येतात, संत्र्यांची पिशवी ठेवतात आणि झोपतात. तुमची भाची मैथिली पुण्यात मजेत. मी ठीक. जिना चढताना दम लागतो, वय झालं, दुसरं काय.

लोभ असावा, आणि तो तरी हात राखून देऊ नये.

तुमची,
सरोजिनी

—

अमरावती,
रविवार, ११ जानेवारी

चि. सौ. सरोजिनीस,
ललिताचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतेस, म्हणून लिहितेय. जेवण झाल्यावर गठ्ठा उघडला. पहिल्या पेपरात तिसऱ्या बाकाखाली कोणी संत्रं सोललं आणि सगळा वर्ग वास घेत बसला. दुसऱ्यात एक मुलगा डोळे उघडे ठेवून झोपतो. मी एकटीच हसत होते. म्हटलं, सरोजिनीनं पोरांना खरंच लिहायला शिकवलं हो!

मग चार नंबरचा वाचला. त्यात होतं की मॅडम फळ्यावर लिहिता लिहिता थांबतात आणि खिडकीचा गज धरतात. मी पुढे गेले. नऊ नंबरच्या मुलीनं लिहिलंय, मॅडम पूर्वी कविता फिरत फिरत शिकवायच्या, दिवाळीपासून खुर्चीत बसून शिकवतात. पहिल्या बाकावरच्या कोणीतरी लिहिलंय की मॅडमची नखं खडूसारखी पांढरी दिसतात. कॉपी म्हणावी तर एकही वाक्य सारखं नाही. जो जिथे बसलाय तिथून त्याला जे दिसलं, ते त्यानं लिहिलंय.

आणि अकरा नंबर. तिनं लिहिलंय, मॅडम फळ्याकडे वळल्या की खडूचा तुकडा हळूच तोंडात टाकतात. त्यांना वाटतं कोणाला दिसत नाही. बहुतेक त्या विचार करत असतात. मी पेन खाली ठेवलं.

आमच्या तिवशाच्या पार्वताकाकू भिंतीची माती खायच्या. घरात सगळ्यांना गंमत वाटायची. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलेलं नाही, हिला आजवर चालवलं कसं? काकू चाळिशी ओलांडून गेल्या नाहीत. तेव्हापासून मला या गोष्टीचं हसू येत नाही.

शुद्ध भाषा तुझ्यापुढे फार लिहिली. आता आपल्या वऱ्हाडीत ऐक. तू मरून राहिली अन् आमाले सांगून नाही राहिली. काहून? उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. रिपोर्ट माझ्या हातात पडेपर्यंत गठ्ठा परत मिळणार नाही आणि मार्कही नाहीत. शेंदूरजनाघाटला हरिहरला अजून काही कळवलेलं नाही. ते तुझ्या वागण्यावर आहे.

तुझी,
ललिता

—

अकोला,
सोमवार, १२ जानेवारी

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

अहो, पोरं आहेत ती! रंगवून लिहितात. मास्तरीण थकलेली दाखवली की परीक्षक विरघळतो, एवढी अक्कल त्यांना आहे. बायकांचा त्रास कोणाला चुकलाय? या वयात जरा जास्त जातं, आणि दोन-चार महिन्यांत थांबेल. बोर्ड झालं की मार्चमध्ये दाखवते, देवाशपथ.

आता मी रजा घेतली तर वर्गावर कोण जाणार? सर दुसऱ्याच दिवशी छापील कागद वाटतील आणि वर्षाची मेहनत मातीत. सकाळपासून दोनदा विचारून गेले, मार्क आले का. मी अमरावतीच्या बाई फार बारकाईनं तपासतात म्हणून वेळ मारून नेली. कृपा करा, गठ्ठा ओमप्रकाशांकडे द्या. माझ्यावर रागवा, पण त्यांचे मार्क अडवू नका.

माया पातळ होऊ देऊ नये.

सरोजिनी

—

अमरावती,
मंगळवार, १३ जानेवारी

चि. सौ. सरोजिनीस,
आशीर्वाद.

ठीक आहे. पोरांनी रंगवून लिहिलं, असं तूच म्हणतेस. प्रसंगलेखनात न घडलेलं घडलं म्हणून लिहिलं तर मी काय करते, ते तुला माहीत आहे. चार नंबर, नऊ नंबर, अकरा नंबर आणि त्यांच्यासारखे बाकीचे, सगळ्यांना आठपैकी दोन. शालिकराम सरांना बरंच वाटेल.

नाहीतर पोरांनी खरं लिहिलंय. मग त्यांचे मार्क त्यांना मिळतील आणि तू दवाखान्यात जाशील. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, हे त्यांना तूच शिकवलंस. आता त्यांना खोटं पाडायचं की नाही, तूच ठरव. ओमप्रकाश संध्याकाळी परत येतील, त्यांच्या हाती एक ओळ पाठव. मला रात्री डोळ्याला डोळा लागत नाही गं.

ललिता

—

अकोला,
शनिवार, ३१ जानेवारी

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

आज उशीला टेकून बसता आलं. त्या दिवशी ओमप्रकाश निघायच्या घाईत उभे होते आणि मी चिठ्ठीवर ‘पोरांनी खरं लिहिलंय’ एवढंच लिहू शकले. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. हिमोग्लोबिन पाचच्या आत निघालं. डॉक्टरीणबाईंनी मला वर्गातल्या पोरीसारखं झापलं, जिन्यावरून पडला असता तर मार्च दिसला असता का म्हणून. रक्ताच्या बाटल्या चढल्या, पुढच्या आठवड्यात गर्भाशयाची गाठ काढतील. तुम्ही अमरावतीला परतल्यापासून यांनी रजा वाढवलीय. संत्रं सोलून एकेक फोड हातावर ठेवतात आणि मी खाईस्तोवर उठत नाहीत.

खडूचं खरं होतं. मलाच माझी लाज वाटायची. वाटायचं, एवढी शिकलेली बाई आणि हे काय खातेय! कोणाला सांगणार?

मार्क पोचले. शालिकराम सरांनी बेरीज दोनदा केली म्हणे, मागच्या वर्षीपेक्षा वरच निघाली. छापील कागद कपाटातच आहेत. माझा वर्ग सरच घेताहेत आणि पोरं म्हणतात, सरांना निबंध येत नाही, पण ते आम्हाला त्रासही देत नाहीत. अकरा नंबरला तुम्ही पूर्ण आठ दिलेत! पेपर तीनदा पाहिला. तुमच्या हातून आठ?

काल पोरं भेटायला आली. दवाखान्यानं दोघींनाच आत सोडलं, आकांक्षा आणि श्रावणी. मी खूप हसून बोलले, बोर्डाच्या सूचना दिल्या, अगदी ठणठणीत असल्यासारखी. अकरा नंबर म्हणजे ही श्रावणी. आज सकाळी तिनं वडिलांबरोबर सरावाचा निबंध पाठवला, ‘मी दिलेली एक भेट’. त्यात लिहिलंय, मॅडम आमच्याशी खूप हसल्या. मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत गेले, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मी बाटली न घेताच आले.

वन्सं, या पोरीपुढे काही लपत नाही. मला ऑपरेशनची फार भीती वाटते. हे मी यांनाही बोलले नव्हते, आता तुम्हाला लिहितेय. तुम्ही त्या दिवशी जवळ असाल का?

श्रावणीच्या या निबंधाला मीही आठपैकी आठ दिले आहेत. ते कापू नका. बाटली तिची इथेच आहे, येताना खाली फाटकाशी पोरं असतात, त्यांत ती भेटली तर सांगा, मॅडम रडत असल्या तरी आत येऊन तोंडानं मागून घे.

वाट पाहते.

तुमची,
सरोजिनी