परिपत्रक क्रमांक २१४ आणि किरकोळ खोकला

सोमवार, ५ जानेवारी. सायं. ७.१५

शाळेत फ्लूची साथ. आजअखेर बाधित विद्यार्थी १९. पालकांना वेळोवेळी माहिती देण्याचे काम मुख्याध्यापिका प्रभावती मॅडमनी माझ्याकडे सोपवले. निर्णय योग्य. कार्यालयात वाणिज्य शाखेचा पदवीधर लिपिक मी एकटाच, आणि मोघम लिहिणे माझ्या हातून होत नाही.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मिनल यांनी बजावले आहे की बाधितांचा आकडा पन्नास झाला की शाळा आठ दिवस बंद. दहावीची पूर्वपरीक्षा १९ तारखेपासून. म्हणजे आकडा पन्नासच्या आत ठेवणे आले. उपाय एकच : ताप-खोकला असलेल्या मुलाला पालकांनी पाच दिवस घरी ठेवणे.

शिपाई अंबुबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची नात दिव्या दहावीत. म्हणाली, भाऊसाहेब, शाळा बंद पडू दिऊ नका. चार खोल्या कंपनीवाल्यांना भाड्यानं दिल्यात, आमी समदी उरलेल्या एका खोलीत, त्यात बाप रातपाळी करून दिवसा घोरतोय. पोरगी वाचती ती शाळंतच. मी तिला सांगितले, निश्चिंत राहा. परिपत्रक निघत आहे.

संकल्प : रोज रात्री दहाला झोपणे. रोज एक मुद्देसूद सूचना.

मंगळवार, ६ जानेवारी

परिपत्रक जावक क्रमांक २१४. पाने तीन, कलमे चौदा. कलम २ मध्ये ‘बाधित’ या संज्ञेची व्याख्या केली, म्हणजे पुढे वाद नको. मॅडम म्हणाल्या, थोडं लहान करता आलं असतं का? लहान केले असते तर व्याख्या कुठे बसवली असती?

सकाळी ठीक ११.३० वाजता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. त्याआधी ग्रुपची सेटिंग बदलून घेतली. आता संदेश फक्त ॲडमिन पाठवू शकतात. सुप्रभात, फुले आणि हळदीच्या दुधाचे फायदे कायमचे बंद.

सायंकाळी ५.३० पर्यंत एकाही पालकाची शंका आली नाही. मसुदा सुस्पष्ट असल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

बाधित २३.

बुधवार, ७ जानेवारी

अंबुबाई म्हणाली, साडेअकराला कुनाच्या हातात फोन असतोय? कंपनीच्या गेटवर जमा करून घेत्यात की. मी समजावले की संदेश फोनमध्येच राहतो, उडून जात नाही. ती म्हणाली, व्हय, चिठ्ठी मडक्यात टाकली तरी ऱ्हातीच की.

दुपारी पालक-प्रतिनिधी भीमराज आले. पहिली शिफ्ट सुटून तसेच, गणवेशावर तेलाचे डाग. म्हणाले, भाऊसाहेब, बसमध्ये वाचायला घेतलं होतं, पाचव्या कलमाला माझा स्टॉप आला. विचारले, एका ओळीत सांगा ना, करायचं काय? मी म्हणालो, कलम नऊ. पुढे म्हणाले की सहाच्या शिफ्टला नवरा-बायको दोघंही बाहेर पडतात, तापलेल्या पोराजवळ बसणार कोण? दांडी मारली तर सुपरवायझर तोंड वाकडं करतो. म्हणून बरेच जण सकाळी तापाची गोळी देऊन पोरगं शाळेत धाडतात.

ऐकून सुन्न झालो. सुशिक्षित समाजात हे! तापावर गोळीचे पांघरूण घालून इतरांत मिसळणे म्हणजे केवळ बेजबाबदारपणा. तत्काळ कलम १५ जोडले : ‘औषधाने ताप दडपून पाल्यास शाळेत पाठवू नये.’

भीमराज जाताना म्हणाले, तुमचाही आवाज बसलाय, राव. खडूच्या धुळीने बसतो. सत्तावीस वर्षांत एकही आजारपणाची रजा नाही. २६ जानेवारीला अखंड उपस्थितीबद्दल माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ. हे मी त्यांना सांगितले नाही. पत्रिकेत येईलच.

संकल्प : उद्यापासून प्रत्येक वर्गात परिपत्रकाचे प्रकट वाचन. मुले ऐकतील, घरी सांगतील.

बाधित २५.

गुरुवार, ८ जानेवारी

पाचवी अ, पाचवी ब, सहावी अ. प्रत्येकी सतरा मिनिटे. खिडक्या बंद करून घेतल्या, शेजारच्या कारखान्याच्या प्रेसचा धडधडाट येत होता. मुले शांत. पाचवी अ मध्ये पहिल्या बाकावरच्या मुलाने मला पाण्याची बाटली दिली. चांगले संस्कार. दोन घोट घेऊन परत केली.

वाचनाने घसा दुखतो आहे. खोकला किरकोळ.

रात्री विजयश्रीने कपाळाला हात लावला. म्हणाली, तापलाहात. सौभाग्यवतीचे हात भांडी घासून गारच असतात. तिला सगळेच तापलेले लागते.

शुक्रवार, ९ जानेवारी

पाचवी अ मध्ये नऊ जण गैरहजर. सहावी अ मध्ये चार.

वाचनाचा परिणाम एका दिवसात! मुले घरी राहू लागली. मॅडमना उत्साहाने आकडे दाखवले. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि विचारले की ही मुले परवापर्यंत बरी होती ना? मी म्हणालो, लक्षणे असतील, पालक लपवत असतील. मॅडम अलीकडे थकलेल्या वाटतात.

अंबुबाईने चहा टेबलाच्या कडेला ठेवला आणि दोन पावले मागे सरकली. म्हणाली, भाऊसाहेब, तुमी ज्या वर्गात वाचून येता, दुसऱ्या दिशी तिथलीच बाकं रिकामी. मी म्हणालो, तेच तर यश. ती म्हणाली, माज्या मनात येगळंच आलं. अशिक्षित मनात काय येईल सांगता येत नाही.

तापमान ९९.८. थर्मामीटर जुना आहे.

बाधित ३६.

शनिवार, १० जानेवारी

अर्धी शाळा. सहावी ब, सातवी अ. सातवी अ मध्ये बोलताना ढास लागली, फळ्याला धरून उभा राहिलो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, बसा ना सर. वाचन बसून करण्याची माझी पद्धत नाही.

बाधित ३८. वाढ मंदावली आहे. संकल्पाप्रमाणे दहाला झोपलो. एकला उठलो. अंग ठणकत होते. गादी बदलायला हवी.

रविवार, ११ जानेवारी. सकाळी ११

विचार केला : आपल्या भागात लोक वाचतात काय? फ्लेक्स. वाढदिवस असो, निवड असो, चौकात मान वर करून वाचतात. म्हणजे माध्यमाचाच प्रश्न होता.

फाट्यावरच्या फ्लेक्सवाल्याला फोन केला. त्याने विचारले, फोटो कुणाचा टाकायचा? फोटोशिवाय कुणी बघत नाही म्हणे. अधिकृतपणासाठी मॅडमचा पाठवला. फुगे, सिंह, तुतारी काही नको, गंभीर वाटले पाहिजे, भोवती जाड काळी चौकट, असे बजावले. मजकूर मोठ्या अक्षरांत : ‘कळविण्यास अत्यंत खेद होतो की’. पुढील मजकूर जागेअभावी बारीक अक्षरांत.

दुपारभर पडून राहिलो. विजयश्रीने दोनदा काढा दिला. ही विश्रांती आहे, आजारपण नव्हे.

सोमवार, १२ जानेवारी

फ्लेक्स पहाटेच लागला. मी ८.४० ला पोचलो तेव्हा त्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि खाली उदबत्ती. गेटवर वीस-पंचवीस पालक टोपी काढून उभे. भीमराज हलक्या आवाजात मला म्हणाले, भाऊसाहेब, फार वाईट झालं, परवाच तर बोलल्या होत्या माझ्याशी.

तेवढ्यात मॅडम स्कूटरवरून आल्या.

त्यांनी हेल्मेट काढले, फ्लेक्स पूर्ण वाचला. बारीक अक्षरेसुद्धा. तो पूर्ण वाचणाऱ्या त्या पहिल्याच. मग म्हणाल्या, माझी अजून दोन वर्षं सर्व्हिस आहे हो. गर्दीत कुणीतरी हसले, मग सगळेच. अंबुबाईने हार काढून कार्यालयातल्या सरस्वतीला घातला. म्हणाली, वाया कशाला घालवायचा?

मसुद्यात दोष नव्हता. जाहिरातीच्या क्षेत्रात चौकटीचे संकेत निराळे असतात, हे मला कुणी सांगितले नव्हते.

बाधित ४३. सातवी अ चे तिघे त्यात.

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी अंग जड. ७.१० ला एक गोळी घेतली. ती अंगदुखीसाठी. तापही तिने उतरतो हा योगायोग. कलम १५ पुन्हा तपासले : त्यात ‘पाल्य’ असा स्पष्ट शब्द आहे. कर्मचाऱ्यांना ते लागू नाही.

मॅडमनी सरळ विचारले, तुम्हाला बरं नाही का? घरी जा. मी म्हणालो, धूळ. त्या म्हणाल्या, सत्काराचं डोक्यात असेल तर सोडा, शाल मी अशीच देते. मला हे बोलणे लागले. अशी दिलेली शाल मी खांद्यावर कशी घेऊ?

सातवी ब ते नववी काल उरकले, दहावीचा वर्ग राहिला होता. पूर्वपरीक्षेला सहा दिवस, त्यांना माहिती असणे सर्वांत निकडीचे. वाचन केले. पहिल्या बाकावर अंबुबाईची दिव्या. एकटी तीच लिहून घेत होती. तिला अकरावे कलम समजले नाही, तेव्हा जवळ जाऊन, तिच्या वहीवर वाकून समजावले. हुशार मुलगी. असा एक श्रोता मिळाला की श्रमाचे चीज होते.

बाधित ४५.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

सुट्टी नाही. परिपत्रक २१९ : ‘यंदा तिळगुळाची देवाणघेवाण केवळ शब्दांनी करावी.’ सेवकवर्गाने तरीही वड्या आणल्या. नाकारणे बरे दिसेना. घेतल्या. दिल्या.

दिव्या गैरहजर.

अंबुबाईने चहा आणला. दिव्याचे मीच विचारले. म्हणाली, तिला ताप हाय. एवढेच. नेहमीसारखे टोमणे नाहीत. मी म्हणालो, कलम नऊप्रमाणे पाच दिवस घरी ठेव, पूर्वपरीक्षेपर्यंत बरी होईल. ती व्हय म्हणाली आणि कप ठेवून गेली. चहात साखर नव्हती.

बाधित ४९. पुढे जाणार नाही. सगळे वर्ग वाचून झाले आहेत.

रात्री १०२. थर्मामीटर नवा आणला आहे.

गुरुवार, १५ जानेवारी

डॉक्टर मिनल तपासणीला आल्या. गेटवर उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळासमोर ते पिस्तुलासारखे यंत्र धरत होत्या. मी ८.४० ला पोचलो. सकाळची गोळी घेतली होती. तरी १०१.२.

त्यांनी विचारले, किती दिवसांपासून? मी म्हणालो, धूळ. मागे उभी असलेली अंबुबाई म्हणाली, बुधवारपासनं. ह्यो न्हाई, मागचा.

डॉक्टरांनी वहीत ५० लिहिले. मी आक्षेप घेतला की आकडा विद्यार्थ्यांचा आहे, मी विद्यार्थी नाही. त्यांनी मोबाइलवर माझेच परिपत्रक २१४ उघडले. पाहून क्षणभर समाधान वाटले, कुणीतरी जपून ठेवले होते. कलम २ त्यांनी मोठ्याने वाचले : ‘बाधित म्हणजे शाळेच्या आवारात येणारी, ताप वा खोकला असलेली कोणतीही व्यक्ती.’ म्हणाल्या, व्याख्या उत्तम केलीय हो, सर.

मग त्यांनी वर्गांची यादी मागवली. कुठल्या वर्गात कधी वाढ झाली. वाचनाचे वेळापत्रक मीच टंकून भिंतीला लावले होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मी त्या कागदांवरील तारखा तीनदा ताडून पाहिल्या. बेरीज-वजाबाकीत माझी चूक होत नाही.

शाळा आठ दिवस बंद. पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तारीख नंतर.

मी म्हणालो, बंदचे परिपत्रक लगेच तयार करतो. मॅडम म्हणाल्या, नको. शांतपणे म्हणाल्या. माझ्यासमोरच अंबुबाईला ग्रुपची ॲडमिन केले आणि म्हणाल्या, बाई, तुम्ही बोला. दुपारी साडेतीननंतर पाठवा, शिफ्ट सुटल्यावर.

शुक्रवार, १६ जानेवारी. घरी

विजयश्रीने अंबुबाईचा व्हॉइस मेसेज उशाशी लावला. चाळीस सेकंद. म्हणते, ऐका. शाळा आठ दिस बंद हाय. पोरगं तापलं, खोकलं, तर घरातच ठेवा, गोळी दिऊन कुटं धाडू नका. ज्यांची दोघांची शिफ्ट हाय त्यांनी पोराला माज्याकडं आना, वट्टा मोठा हाय, मी बघते. आन आपल्या भाऊसाहेबास्नी ताप हाय. त्यांनी लई जीव टाकला वो, जरा जास्तच टाकला. कुनी त्यांना नावं ठिऊ नका.

आवाजामागे खोकला ऐकू येतो. दिव्याचा असावा.

जावक क्रमांक नाही, तारीख नाही, ‘आठ दिस’ कोणत्या दिवसापासून याचा उल्लेख नाही. ३१२ पालकांपैकी ३१२ जणांनी ऐकला. भीमराजनी त्यांच्या कंपनीच्या बसमध्ये मोठ्याने लावला म्हणे.

दुपारी रजेचा अर्ज लिहायला बसलो. सत्तावीस वर्षांत पहिलाच, त्यामुळे नमुना जवळ नव्हता. पहिला मसुदा दीड पान. त्यात धूळ, हवामान आणि कर्तव्यभावना आली होती. फाडला. दुसरा पाऊण पान. तोही फाडला.

तिसरा : ‘मला ताप आहे. बुधवार, ७ तारखेपासून होता.’ खाली सही.

विजयश्रीला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे कळलं.