शेवटच्या फेरीच्या चार पिशव्या

प्रिय तबकडे,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले आणि एवढ्यात मी चार कागद फाडले. एरवी तुझं पत्र वाचून संपायच्या आत माझं उत्तर निघालेलं असतं, यावरून तू मला किती चिडवलं आहेस. या वेळी हातच उचलेना. तुझ्या बाबांची, माझ्या काकांची, नेमबाजीच्या मैदानावरची नोकरी ज्या दिवसामुळे गेली, त्या दिवसाबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. ते वाचल्यावर तू मला मैत्रीण म्हणशील की नाही, ठाऊक नाही. पण अर्ध्यावर ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, आणि आमचे हे त्याच्याहून जास्त कुरकुरतात. दुकानात नवी मुलगी ठेवली आहे, चुणचुणीत आहे. काल तिला काडतुसं शिकवायला बसले. सगळ्यांची गाडी जिथे अडते तिथेच तिचीही अडली: आकडा मोठा तर आतला छर्रा बारीक, हे उलटं गणित कशाला? मी म्हटलं, बाई, मी केलेलं नाही, पाठ कर. मग बाबांनी मला शिकवलेले तीन प्रश्न तिला सांगितले. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, मारायचं कशावर, किती लांबून, आणि मागे काय आहे. जवळ उडवलेल्या मातीच्या तबकडीवर नऊ नंबर, कारण बारीक छर्रे पुष्कळ मावतात आणि त्यांचं जाळं दाट पडतं. नेहमीच्या खेळाला आठ, लांब पळणाऱ्या तबकडीला साडेसात. सशाला पाच, बदकाला चार, पण पाणथळीवर शिशाचे देऊ नकोस, पोलादी दे, कारण तळाशी पडलेलं शिसं पाखरांच्या पोटात जातं. रानडुकराला छर्रे नकोतच, एकच जाड गोळी. ती भराभर लिहून घेत होती. तिसऱ्या प्रश्नाशी थांबून म्हणाली, मागे काय आहे ते तर बंदूकवाल्यानं बघायचं, आपण कशाला विचारायचं? चहा टाकते म्हणून मी आत निघून गेले.

तुला तरी काय सांगू, तू त्या मैदानावरच वाढलीस. तबकड्या उडवणाऱ्या फेकयंत्राचा दांडा ओढून ओढून तुझे दंड माझ्या दुप्पट झाले होते, आणि तोंड गोल म्हणून तुझं नाव पडलं तबकडी. काकांनी गाठी मारलेल्या दोरीनं मोजून अडीचशे पावलांवर लाल निशाणं रोवली होती. निशाणांपलीकडे रस्ता. आठ नंबरचा छर्रा कितीही उंच गेला तरी दोनशे पावलांच्या आसपास खाली येतो; वरची पन्नास पावलं वाऱ्यासाठी, असं काका म्हणायचे. म्हणून तर साडेसातहून जाड काही मैदानावर आणायचं नाही, हा नियम होता. तो मोडला जाऊ नये म्हणून स्पर्धेत कुणी आपली काडतुसं आणायचीच नाहीत, आमच्या काउंटरवरून पंचवीस काडतुसांची कापडी पिशवी घ्यायची, ही आपल्याकडची पद्धत. नेमबाज पिशवी खिशात रिकामी करायचे आणि न बघता नळीत भरायचे. बघायचं कशाला, पिशवी माझ्या हातची असायची.

बाबांनी महिनाभरापूर्वीच काउंटरच्या किल्ल्या चारचौघांत माझ्या हातात दिल्या होत्या. मी तेव्हा हवेत होते, पाय जमिनीला लागत नव्हते. आणि त्याच महिन्यात आठ नंबरची मागणी पाठवायची मी विसरले. त्याला कारणसुद्धा नाही गं, नुसती विसरले. स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या फेरीआधी चार पिशव्या कमी पडल्या. बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. फेरी थांबली असती, लोक कुरबुरले असते, आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं असतं. ते ओरडणारे नव्हते, नुसते बघायचे. मला ते बघणं नको होतं. खालच्या कपाटात बदकांच्या मोसमासाठी ठेवलेली चार नंबरची खोकी होती. त्याच कंपनीची, तशाच लाल रंगाची, फक्त बाजूला छापलेला आकडा वेगळा. मी दार लोटून घेतलं आणि चार पिशव्या भरल्या. हा छर्रा निशाणांच्या पुढे जाऊ शकतो हे मला माहीत होतं. नकळत झालं असं म्हणायचीही मला सोय नाही.

त्या फेरीत नेम चुकत होते, आठवतं? चांगले चांगले गडी हात चोळत होते. जाड छर्रे मोजकेच असतात, जाळं विरळ पडतं, तबकडी मधूनच निसटते. वारा फार आहे, असं सगळे म्हणाले. मग रस्त्यावरून ती हाक आली. सायकलवरून जाणाऱ्या शिंप्याच्या डोळ्याला छर्रा लागला होता. लागून तो कुठे गवतात पडला, कुणालाच सापडला नाही. सगळे तिकडे धावले, आणि मी उलट्या दिशेनं, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला. चार आकड्याच्या जेवढ्या होत्या तेवढ्या वेचून मी दुकानामागच्या शेगडीत घातल्या. शिंप्याचा तो डोळा गेला. मला आधी त्याची नाही, पुंगळ्यांची आठवण झाली, हे मी आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोललेले नाही.

चौकशीच्या खोलीत तू नव्हतीस. लांब टेबल, पाच माणसं, आणि भिंतीशी स्टुलावर काका. मला विचारलं, सगळी काडतुसं आठ नंबरचीच होती का. मी "हो" म्हटलं. त्यातल्या एकानं पुन्हा विचारलं, नक्की? मी काही बोलायच्या आत काका उठले आणि म्हणाले, "पोरीला कशाला खोदून विचारता? तिच्या हातून चूक व्हायची नाही. निशाणं मी रोवलीत, मला विचारा." मग त्यांनी काकांनाच विचारलं. आठ नंबरचा छर्रा अडीचशे पावलं जात नाही, तेव्हा निशाणंच जवळ लागली असणार, असं ठरलं. शिंप्याला बघून हादरलेल्या काकांनी दुसऱ्याच दिवशी निशाणं उपटून टाकली होती, त्यामुळे पुन्हा मोजायलाही काही उरलं नव्हतं. महिन्याभरात तुम्ही मैदानामागची खोली सोडली. सामान बांधायला मीच आले होते. काकूंनी मला जवळ घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

एकोणीस वर्षं झाली. या वर्षांत काडतूस निवडावं तर हिनंच, असं माझं नाव झालं. लोक लांबून विचारायला येतात आणि मी सांगते. कुणी कौतुक केलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. बाबा होते तोवर वाटायचं, ते गेल्यावर सांगेन. ते जाऊनही दोन वर्षं झाली. म्हणजे मला बाबांची नाही, माझीच भीती होती. मला लाज वाटते, तबकडे. आता वाटून काय उपयोग म्हणशील, तर तेही खरंच आहे.

तू पत्रात सगळी ख्यालीखुशाली लिहिलीस, आणि शेवटी समासात, जागा उरली म्हणून लिहावं तसं, काकांबद्दल लिहिलंस. ते रोज सकाळी दोरी घेऊन तुमच्या घरापुढच्या रस्त्यावर अडीचशे पावलं मोजतात, मोजणी दर वेळी बरोबर येते, आणि घरी येऊन पायरीवर बसतात नि विचारतात, "मग तिथेच कमी कशी पडली?" त्यांच्या डोक्यावर परिणाम होतोय का, असं तू मला विचारलंस. आणि लिहिलंस, तुला यातलं कळतं, त्यांच्या मनाला बरं वाटेल असं काहीतरी लिही, खोटं असलं तरी चालेल. खोटं मी एकदाच बोलले आणि त्यांनी ते एकोणीस वर्षं पायांनी मोजलं. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे गं, हिशेब माझ्याकडून चुकला. सगळं लिहून काल मैदानाच्या कचेरीत सहीनिशी दिलं आहे, आणि शिंप्याच्या दारातही जाऊन आले. त्यानं पाणी विचारलं नाही, ते योग्यच केलं. गुरुवारच्या गाडीनं मी तुझ्याकडे येते आहे. तू दार उघडलं नाहीस तर काका रस्त्यावर मोजत असतील तिथे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहीन. पण गुरुवारला अजून चार सकाळी आहेत, आणि त्यांनी आणखी एकदाही मोजायला जाऊ नये. हे पत्र मिटलंस की उठ, आणि त्यांना जाऊन माझा निरोप दे: काका, तुमची दोरी कमी पडली नव्हती.

हक्क राहिला असेल तर तुझीच,
काउंटरवाली