पायरी क्रमांक दोनवरची सावली

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

आजपासून कविता! हसू नकोस, वही. फॉल-पिको करणाऱ्या बाईनं साठीत कविता लिहायला घेतल्यात, आणि त्याही उपचार म्हणून.

मोनिका मॅडम आठवड्यातून दोनदा येतात, धम्मपालला पुन्हा बोलायला शिकवायला. आज म्हणाल्या, "काकू, पुस्तकातली वाक्यं बंद करा. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज जे असतं, त्याच्यावर तुम्हीच लिहा. तीन ओळी. एका श्वासात मावतील एवढ्याच." डोळ्यांसमोर काय आहे? ओटा, तीन पायऱ्या, फाटकाबाहेरचा कडुनिंब आणि त्याची सावली. हडकोच्या छोट्याशा घरात याहून जास्त काय असणार!

तोंडावर मी "अहो" म्हणते, वहीत मात्र अरे-तुरे. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी तरी मोकळीक हवी.

मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्याच्याकडे एकच शब्द उरलाय — "व्हय." चहा हवा? व्हय. नको? व्हय. बसस्टँडच्या भोंग्यातून तीस वर्षं अख्ख्या जिल्ह्यानं ज्याचा आवाज ऐकला, त्याच्याकडे एक शब्द! वैजापूरची गाडी, सिल्लोडची गाडी, कन्नडची गाडी — बाया म्हणायच्या, विशाखा, तुझा नवरा आमच्याशी जास्त बोलतो.

पहिली कविता:

निंब उभा.
सावली आडवी.
दोघं एकच.

कागदाकडे बराच वेळ बघितलं त्यानं. मग म्हणाला, "व्हय." एवढी दाद मला पुष्कळ झाली.

११ नोव्हेंबर

पद्धत बसवली. सकाळी ऊन निंबाच्या मागून येतं, म्हणून सावली थेट ओट्यावर पडते. त्याची खुर्ची तिच्यात. सावली आहे तोवर सराव. तिच्या कडेला माझ्या कापडावरच्या खडूनं रेघ मारते. नऊला सावली भिंतीपाशी, मग सरकत सरकत पायऱ्या उतरते. पावणेअकराला शेवटची पायरी सुटते आणि ओट्यावर लख्ख ऊन. तेव्हा सराव बंद, खुर्ची आत.

त्यालाही हे आवडलंय. रेघ मारायला उशीर झाला की डाव्या हाताचं बोट दाखवतो. वेळेचा माणूस!

१५ नोव्हेंबर

आज शहाणपणा केला. "तरुतळी शीतल छाया" वगैरे लिहिलं. बिचाऱ्याचं तोंड पहिल्याच अक्षरावर अडकलं. कपाळावर घाम आला. शेवटी कागद माझ्याकडे ढकलून दिला.

बरोबर केलं. माप त्याचं आणि ब्लाऊज शिवला माझ्या अंगाला! असं एखाद्या गिऱ्हाइकाचं झालं असतं तर मी स्वतःच उसवून दिलं असतं.

१९ नोव्हेंबर

नवा शब्द — "पान." वरून मांडीवर पडलं, ते बघून म्हणाला. त्या पानाचे आभार. वहीत ठेवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू!

सांडू आला होता. सिल्लोडचा ड्रायव्हर, याच्याच बरोबर रिटायर झालेला. आल्या आल्या नेहमीसारखी चेष्टा — "काय धम्मभाऊ, आमची गाडी लागली का नाय?"

आणि धम्मपाल बोलला. अडखळला नाही, थांबला नाही. नाकातून थोडा सूर काढून, जसा भोंग्यात काढायचा तसाच —

"सिल्लोडमार्गे जळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे."

पूर्ण वाक्य! सांडूच्या हातातली बशी तशीच राहिली. मी रडायला लागले. आणि धम्मपाल आमच्याकडे बघत होता, जणू दुसरंच कुणीतरी बोललं. पुन्हा म्हणा म्हटलं तर, "व्हय."

निघताना सांडू फाटकापाशी म्हणाला, "वैनी, तुम्ही येळेवर दवाखान्यात नेलं म्हणून हे ऐकायला मिळालं. लई उपकार तुमचे."

आत आले. दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

वेळेवर. तुला खरं सांगते, वही, दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही. त्या सकाळी साडेनऊला धम्मपाल ओट्यावर बसला होता. म्हणाला, "विशाखा, हात लई जड झालाय गं." आणि मी काय म्हणाले? "भांडी घासायची पाळी आली की बरा जड होतो तुमचा हात!" हसले. पिशवी उचलली आणि शहागंजला गेले. अस्तराचा रंग जुळवायला. मोरपंखी. चार दुकानं फिरले, अगदी हवा तसा मिळाला, खूश होऊन बारा वाजता परत आले. तो खुर्चीतच होता. उन्हात. तोंड वाकडं, उजवा हात लोंबलेला, सदरा घामानं भिजलेला.

डॉक्टरांना खरी वेळ सांगितली. ते म्हणाले, लवकर आणलं असतं तर पुष्कळ फरक पडला असता. बाकी सगळ्यांना, अगदी आपल्या पोराला, सम्यकलासुद्धा, सांगितलं — लगेच नेलं.

धम्मपालला ते आठवतं का, माहीत नाही. विचारलं तर उत्तर एकच येणार.

२७ नोव्हेंबर

मोनिका मॅडमना सांडूची गोष्ट सांगितली तर त्या टाळ्या वाजवायला लागल्या! म्हणाल्या, हजारो वेळा म्हटलेलं, सुरात म्हटलेलं डोक्यात वेगळ्या जागी जपलेलं असतं कधी कधी. "काकू, त्याच चालीत लिहा आता."

लिहिलं:

कडुनिंबाची सावली
पायरी क्रमांक दोनवर
लागलेली आहे.

आणि तो बोलला! "कडुनिंबा"वर जरा अडला, पण "पायरी क्रमांक दोनवर" असं म्हणाला की दूधवाला फाटकात थांबून बघायला लागला.

मी कविता करते असं आता म्हणायला हरकत नाही. एस.टी.च्या चालीवर का असेना.

२ डिसेंबर

पाखरं घेऊन जाणारी फांदी
हलण्याच्या
तयारीत आहे.

५ डिसेंबर

पिवळ्या पानांनी
उतरताना
घाई करू नये.

याला तो हसला. उजवीकडून तोंड हलत नाही, डावीकडूनच हसला. मला तेवढं हसू पोटभर पुरलं.

१२ डिसेंबर

आज माझी चूक काढली! मी कालचाच कागद पुढं केला — पायरी क्रमांक दोन. त्यानं खाली बघितलं. सावली उतरून तिसरीवर गेली होती. कागदावरचं वाक्य बाजूला सारलं आणि म्हणाला, "पायरी क्रमांक... तीनवर." लिहिलेलं नसताना! स्वतःच्या मनानं!

मला आठवलं — याचं स्टँडवर यावरूनच भांडण व्हायचं. गाडी बंद पडलेली असली की साहेब सांगायचे, "येतेय म्हणा, लोक शांत राहतील." हा माईक धरून म्हणायचा, "गाडी आलेली नाही. कधी येईल ते सांगता येत नाही." लोक चिडायचे, पण याच्या शब्दावर विश्वास ठेवायचे. तीस वर्षांत एक खोटी सूचना केली नाही. बदली झाली एकदा त्यापायी, तरी नाही.

आणि मी नऊ महिने सगळ्यांना खोटी वेळ सांगतेय.

२१ डिसेंबर

रोज दोन-तीन कविता होतायत. कापडाच्या मापांच्या कागदांवर मागच्या बाजूला लिहिते. शेजारच्या करुणाची पोरं शाळेला जाताना फाटकात थांबतात — "आजोबा, सावली कुठं लागली?" आणि आजोबा सांगतात. अगदी वेळेबरहुकूम.

निंबाला आज बादलीभर पाणी घातलं. एवढ्या मोठ्या झाडाला त्याची काय गरज! गरज मला होती.

१ जानेवारी

नवं वर्ष. मागायचं काही नाही. मोनिका मॅडमचे आभार, सांडूचे आभार, भोंग्याचे आभार, या झाडाचे लई लई आभार. (हा "लई" त्याचा. आज सकाळी चहाला म्हणाला — "लई गोड." दोन शब्द, बिनसुराचे!)

५ जानेवारी

आज सांगायचंच म्हणून शेजारी बसले. "अहो, त्या दिवशी सकाळी..." एवढंच म्हणाले आणि पुढं शब्द येईना. तो वाट बघत होता. शब्द अडकणं काय असतं ते त्याला माहीत आहे, म्हणून अगदी शांतपणे वाट बघत होता. मी म्हणाले, "...दूध नासलं होतं."

कुणाचं तोंड गेलंय, त्याचं का माझं?

८ जानेवारी

लिहिलं. बोलता येत नाही तर लिहिलं. त्याच्या कागदांत सगळ्यात खाली ठेवलं.

हात जड म्हणालात.
मी हसून शहागंजला गेले.
तुम्ही उन्हात.

आधीच्या दोन कविता म्हटल्या त्यानं. मग ही हातात घेतली. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचली. माझ्याकडे बघितलं नाही. कागदाची डाव्या हातानं घडी घातली, एका हातानं नीट होईना तरी घातली, आणि खिशात ठेवली.

सावली अजून ओट्यावर होती. त्यानं खुर्ची आत घ्यायची खूण केली.

९ जानेवारी

सराव नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

११ जानेवारी

मोनिका मॅडम आल्या, तशाच परत गेल्या. "काही झालं का काकू?" म्हणाल्या. मी म्हटलं, थंडी बाधली. पुन्हा खोटं.

सगळे शब्द मीच परत नेले त्याचे. दोन महिने कण कण करून आलेले.

१३ जानेवारी

उद्या नामविस्तार दिन. दरवर्षी हा सकाळीच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून विद्यापीठ गेटवर जायचा. विचारलं, "रिक्षानं नेऊ का?" काही नाही. "व्हय"सुद्धा नाही.

इतके दिवस त्या "व्हय"ला कंटाळले होते. आज तेवढं एक ऐकायला मिळावं म्हणून दाराशी उभी होते.

१४ जानेवारी

सकाळी खोलीतून खुणेनं पांढरा सदरा मागितला. घातला. मला धरून ओट्यावर आला, खुर्चीत बसला, मलाही पायरीवर बसायला लावलं. खिशातून माझा तो कागद काढून मांडीवर ठेवला, पण वाचला नाही. घसा साफ केला आणि भोंग्याच्या सुरात, थांबत थांबत —

शहागंजला गेलेली विशाखा
उशिरा आली.
सावली होती.

मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

खडूची रेघ समोरच होती. पावणेअकरानंतर या ओट्यावर सावली नसते. मार्चमध्ये तर निंब निम्मा झडलेला असतो. हे माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे.

तीस वर्षांत त्यानं एक खोटी सूचना केली नव्हती. आज केली.