शोषासुराला इतक्यात मारायचं नाही

११ जून १९७२
आजपासून रोजनिशी. थोर प्रकाशकांच्या आयुष्यातले बारीकसारीक तपशील पुढे सापडत नाहीत, ती चूक मी करणार नाही. माझ्या ‘चित्रतोफ’ या चित्रकथा-मासिकाचा पहिला अंक नगरच्या एस.टी. स्टँडवर हातोहात गेला. स्टॉलवाला रंगनाथ म्हणतो, पोरं शोषासुरासाठी येतात. गावोगावच्या विहिरी पिऊन टाकणारा राक्षस ही आयडिया संपूर्ण माझी. सहादेवने फक्त चित्रं काढली.
मूळ बेत असा की तिसऱ्या अंकात वीर मेघराज शोषासुराला ठार करतो. पण चालता व्हिलन मारायचा कशाला? ठरलं. दिवाळी अंकापर्यंत त्याला हात लावायचा नाही.
उकाडा फार.

२ जुलै
दुसरा अंक बाहेर. शोषासुराने दोन विहिरी संपवल्या. पाऊस नाही. बायको केशर म्हणते, हे ध्यान घरातून बाहेर काढा, आपल्या विहिरीचं पाणी पुरुषभर खाली गेलंय. तिला सर्क्युलेशन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती बादली घेऊन निघून गेली.
केडगावात वाचनसंस्कृती नाही.

२३ जुलै
वाचक घरी येऊ लागले! पाथर्डीकडून तिघे आले, पायात नुसती धूळ. पुढारी म्हातारा, नाव गहिनीनाथ. मी सहीसाठी पेन काढलं. त्याने धोतराच्या सोग्यातून अंक काढून माझ्यापुढे ठेवला, पालथा. म्हणाला, ‘‘सायेब, मारा आता त्याला. आमच्या हिरीत उतरलाय त्यो.’’
केवढी ही लेखणीची ताकद! मी म्हटलं, धीर धरा, खरा सस्पेन्स पुढेच आहे. त्याने विचारलं, अजून किती हिरी प्यायच्या ऱ्हायल्यात? मी अभिमानाने सांगितलं, सात.
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या गावात सातच विहिरी आहेत हे मला काय ठाऊक? चहा न घेता गेले. जाताना मला पाठ न दाखवता उलटे उलटे गेले. आदर म्हणूनच असणार.

१५ ऑगस्ट
तिसरा अंक. खप किंचित मंदावला, सणावारामुळे. स्टँडवर चक्कर मारली. रंगनाथने आपला गठ्ठा कोपऱ्यात पालथा घालून वर दगड ठेवलाय, दगडावर लिंबू. मी म्हटलं, डिस्प्ले छान आहे. तो म्हणाला, काकासाहेब, गिऱ्हाईक अंकाला हातच लावत नाही, माझी बाकीची मासिकंबी अडकून पडलीत. मराठी माणसाला धंदा कळत नाही.
दुपारी ढग आले होते. गेले.

१० सप्टेंबर
सहादेव चालला. त्याची आई मुक्ताबाई हिचा निरोप आला, गावात प्यायला पाणी नाही, सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेत, तूही ये. मी त्याला कलानिष्ठेवर बरंच काही ऐकवलं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘मालक, जायच्या आदी मारून टाकू द्या त्याला. एकच पान लागंल. आईला सांगता यील.’’
मी साफ नकार दिला. संपादक कोण आहे? दिवाळीला परत ये, तेव्हा मार म्हटलं. त्याने कुंचले धुतले नाहीत, नुसते पुसून ठेवले. पाणी वाया जाईल म्हणाला.
शिस्त ही पाहिजेच. तरी दिवसभर बरं वाटलं नाही.

८ ऑक्टोबर
रंगनाथने सगळे गठ्ठे परत पाठवले. काळ्या दोऱ्याने बांधलेले. सकाळी केशरने पोहरा सोडला तर वर चिखल आला. तिने तो उंबऱ्यात ओतला आणि माझ्याकडे पाहिलं. 
निर्णय घेतला, आणि तो पूर्णपणे व्यावसायिक आहे: शोषासुर ताबडतोब मरणार. स्पेशल अंक. मार्केट आपोआप उठेल. सहादेवला आणायला स्वतः जातो.

२२ ऑक्टोबर
पाथर्डी रस्त्यावरच्या कामावर जाऊन आलो. माणसंच माणसं, आणि ती एकसारखी ठकठक. सहादेव सापडला. उजव्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी. तरी मी पेन्सिल दिली. परत आलेला एक अंक उलटा करून गुडघ्यावर धरला त्याने. भोवती माणसं जमली. गहिनीनाथही होता. सगळ्यांनी हातोडे खाली ठेवले होते.
मेघराजाची तलवार काढायची होती. रेघ थरथरत भलतीकडेच गेली. त्याने पुन्हा काढली. पुन्हा तेच.
 गहिनीनाथ आधी वळला, मग बाकीचे. ठकठक पुन्हा सुरू झाली. मी मोठ्याने सांगितलं की काळजीचं कारण नाही, माझ्याकडे पर्यायी योजना आहे. सहादेवने पेन्सिल परत केली. म्हणाला, ‘‘आता तुमीच मारा, मालक.’’
मला भीती वाटली. हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

५ नोव्हेंबर
दिवाळी. मीच काढतोय. माझा हात मुळात उत्तम, शाळेत चित्रकलेत पास होतो. केशरने पान पाहून विचारलं, यातला मरतोय कोणता? शाईत कालवायला चमचाभर पाणी मागितलं. ती हंड्यापुढे आडवी उभी राहिली. म्हणाली, ‘‘मारा त्याला, पण हंड्याला हात लावू नका.’’
मग कोळशाने मारला. तलवार छातीत, डोळे मिटलेले, खाली ‘समाप्त’. छापायला कागद नाही आणि घ्यायला वाचक नाही, सगळे खडीवर. म्हणून एकुलती एक प्रत घडी घालून आपल्या विहिरीत सोडली. वाकून कान दिला. बऱ्याच वेळाने खाली कागद वाजला.
केशर मागे येऊन उभी होती. विचारलं, झालं का? म्हटलं, मेला.
तिच्या हातात दोन हातोडे होते. एक मला दिला. म्हणाली, मुकादम सकाळीच नावं घेतो.